घरकुलाच्या छतावरचे ऊन

आमच्या घरकुलाचा स्लॅब पडला त्या दिवशी मायने साऱ्या वस्तीत जिलेबी वाटली. मिक्सरचा आवाज थांबला, मिस्त्री आणि मजूर जेवून गेले, आणि संध्याकाळी ती एकटीच खाली उभी राहून सेंट्रिंगच्या फळ्यांकडे वर पाहत राहिली. त्या फळ्यांवर चार-साडेचार इंच जाडीचे ओले काँक्रीट होते, आणि ते आमचे होते. तिच्या आयुष्यातले हे चौथे घर. पहिले तणसाच्या छपराचे, दुसरे कवेलूंचे, तिसरे टिनाचे. "आता वरून पानी नाही येनार," एवढेच ती म्हणाली. पाणी आले नाही, हे खरेच. पण पुढच्या मे महिन्यात वरून दुसरेच काही येऊ लागले.

नवतपा लागला आणि रात्री दहा-अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तव्यापासून थोडा दूर हात धरावा तसे वाटे. पंखा फिरत होता. तो छताजवळची तापलेली हवा खाली ढकलत होता. भावाने अंगणात बाज टाकली. शेजारचे पुरुषही बाहेर झोपत होते. माय, वहिनी, मी आणि वहिनीची तान्ही मुलगी आत. बाईने उघड्यावर झोपायचे नाही, हा नियम उन्हाळ्यालाही सुटी देत नाही. मध्यरात्री माय उठली, जुन्या घराच्या मोडक्या ओसरीत, जिथे आम्ही आता गोवऱ्या नि सरपण ठेवतो, तिथे जाऊन जमिनीवर आडवी झाली. सकाळी म्हणाली, "थे घर गरिबाचं होतं, पन झोप येत होती, बाई."

मी शाळेत विज्ञान शिकवत आले. उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण हा धडा मी किती वर्गांना शिकवला याचा हिशेब नाही. पण तो धडा आपल्या स्वतःच्या छताला लावून पाहावा, असे त्या रात्रीपर्यंत माझ्या मनात आले नव्हते. आपल्या साहित्यात घर पुष्कळ आले आहे: गावकुसाबाहेरचे, जाळलेले, पावसात गळणारे, बिऱ्हाडासकट उठवून दिलेले. घर तापते याविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. जणू तापणे हा हवामानाचा विषय आहे, समाजरचनेचा नाही. या लेखात मी त्याच विषयावर बोलणार आहे. थोडे विज्ञान सांगावे लागेल. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते कंटाळा न करता वाचावे, कारण ग्रामसेवकाशी आणि ठेकेदाराशी बोलताना त्याचाच उपयोग होतो.

आधी कवेलूंविषयी. खेड्यातील स्पृश्यांनी अस्पृश्यांवर लादलेल्या अलिखित कायद्याची जी यादी बाबासाहेबांनी दिली आहे, तीत जमीन-जनावरे मिळवणे, स्वच्छ कपडे घालणे, मुलांना मोठी नावे ठेवणे या गुन्ह्यांच्या जोडीने कौलारू छपराचे घर बांधणे हाही एक गुन्हा आहे. छप्पर कशाचे असावे हे पाऊस-उन्हाने नव्हे, जातीने ठरवलेले होते. ज्याच्या डोक्यावर गवत तो खालचा, ज्याच्या डोक्यावर कवेलू तो वरचा. आमच्या आजोबांनी कवेलू घातले तेव्हा ती एक चढाई होती. मायने स्लॅब टाकला तीही चढाईच. त्यामुळे शहरातून कुणी शिकलेला माणूस येतो आणि आम्हाला सांगतो की काँक्रीट सोडा, मातीकडे परत चला, माती थंड असते, तेव्हा त्याचे भौतिकशास्त्र बरोबर असले तरी आमच्या माणसाच्या कपाळावर आठी चढते. ती आठी अडाणीपणाची नाही.

ही आठी घेऊनच मी काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर वर्ध्याला गेले होते. महाराष्ट्रात कमी खर्चाच्या, कमी ऊर्जा खाणाऱ्या घरांचा विचार नेटाने करणारी जी मोजकी ठिकाणे आहेत त्यांत वर्धा मोडते. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तिथे मगनवाडीत सुरू झाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याची घडी बसवली, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. त्याच परंपरेतल्या डॉ. देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले. खेड्याला लागणारे विज्ञान खेड्यातल्या मालातून आणि खेड्यातल्या कारागिराच्या हातून उभे करावे, ही त्याची धारणा. तिथल्या कामातली एक गोष्ट माझ्या मनात ठसली. कुंभाराच्या चाकावर घडवलेले, एका टोकाला निमुळते मातीचे पोकळ नळ एकात एक अडकवून त्यांची कमान करतात आणि अशा कमानी शेजारी शेजारी लावून छत होते. लाकूड नाही, लोखंडही नाही. प्रत्येक नळात हवा कोंडलेली, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. कुंभाराच्या चाकातून निघालेले हे छत पाहून माझ्यातली शिक्षिका खूश झाली.

तिथून सेवाग्राम जवळच. १९३६ साली गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. माती, बांबू, कवेलू यांची बापूकुटी आजही उभी आहे. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा जगप्रसिद्ध विचारवंत या कुटीत बसून गेला आणि तिच्या साधेपणावर एक गाजलेले भाषण त्याने केले. मोठ्या घरांपेक्षा या झोपडीत माणसाची प्रतिष्ठा अधिक आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. मी कुटीत मांडी घालून बसले. थंड होती, हे प्रामाणिकपणे सांगते. भर दुपारी थंड होती. पण त्याच वेळी मला माझ्या आजीची झोपडी आठवत होती. तीही माती, बांबू आणि गवत यांचीच. तिच्यावर भाषण करायला कुणी आले नव्हते. एकाने निवडलेली माती आणि दुसऱ्यावर लादलेली माती प्रयोगशाळेत सारखीच निघेल. माणसाच्या आयुष्यात ती सारखी नसते. बाबासाहेबांनी दादरला पुस्तकांसाठी राजगृह बांधले याचा आपल्याला अभिमान वाटतो, त्याचे कारण इथेच आहे.

आणखी एक. या मातीच्या घरांचे ज्ञान कुणाचे? भिंतीची माती किती दिवस कुजवायची, तीत तणस किती घालायचे, कुड कसा विणायचा, तट्टा कसा बांधायचा, हे सारे कुंभार, बुरड, महार, गोंड, ढिवर यांच्या हातात होते. पुस्तकात मात्र ते 'पारंपरिक भारतीय वास्तुज्ञान' म्हणून येते आणि हात गळून पडतात.

आता उन्हाकडे येऊ. कुही २१ अक्षांशावर आहे. २५-२६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या बुडाशी नाहीशी होते. नवतपा लागतो तोही त्याच वेळी. या दिवसांत घरावर सर्वांत जास्त ऊन पडते ते छतावर. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात जवळजवळ ऊन लागतच नाही. दीड फुटाचा छज्जाही तिला पुरतो. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. वस्तीत घरे एकमेकांना चिकटून असतात. त्याने हवा अडते हे खरे, पण भिंतीने भिंत झाकली जाते, हा फायदाही आहे. उरते छत. त्याच्यावर कुणाचीच सावली नाही.

निरभ्र दुपारी आडव्या छताच्या एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या जवळपास ऊन पडते. कपड्यांची एक इस्त्री साधारण तेवढीच वीज खाते. घरकुलाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. म्हणजे घरकुलाच्या छतावर पंचवीस इस्त्र्या तापवून ठेवल्या आहेत असे समजावे. जुना, काळवंडलेला काँक्रीटचा स्लॅब त्यातले दोन तृतीयांश ऊन पोटात घेतो: सोळा-सतरा इस्त्र्या. त्यातली काही उष्णता वारा घेऊन जातो, काही परत आकाशाकडे जाते. पण उरलेली खाली उतरते. ती लगेच उतरत नाही. चार-साडेचार इंचांच्या स्लॅबमधून ती अडीच-तीन तासांनी आत पोचते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून सहा-सात तासांनी. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता पडलेले ऊन रात्री दहा-अकराला आमच्या पाठीला लागत होते. मायच्या जुन्या घराच्या दीड फुटी मातीच्या भिंतीला हाच प्रवास करायला दहा-बारा तासांहून अधिक लागत. तोवर पहाट होई आणि बाहेरची हवा निवलेली असे. टिनाला तर वेळच लागत नाही. टिन ऊन आले की तापते, ऊन गेले की निवते. दुपारी टिनाखाली बसवत नाही, पण मध्यरात्री ते स्लॅबपेक्षा सोसवते, हा माझा आणि मायचा दोघींचा अनुभव.

तापलेल्या छताखाली बसलेल्या माणसाला केवळ हवा त्रास देत नाही. छताची खालची बाजू न दिसणारी उष्णता थेट अंगावर फेकते, चुलीतला निखारा फेकतो तशी. पंख्याला ती अडवता येत नाही. शिवाय हवा अंगापेक्षा जास्त तापली की पंखा हवेने थंड करत नाही, केवळ घाम सुकवून थंड करतो. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात निघाले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच काढले.

आमच्याकडे उपाय म्हणजे कूलर. विदर्भात कूलर हे घरातले माणूसच आहे. मार्चमध्ये त्याला खाली उतरवून धुतात, नवी वाळ्याची किंवा लाकडाच्या भुशाची जाळी बसवतात. कोरड्या हवेत तो छान चालतो. पण त्याला दिवसभर पाणी लागते, आणि मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी बाई रांगेत उभी असते. मृगाचे शिंतोडे पडले, हवेत ओल आली की तो निकामी होतो. आणि ओल्या टाकीत हात घालून शॉक लागल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. इंग्रजांच्या काळात साहेबांच्या बंगल्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला आणि पंखा ओढायला माणूस ठेवलेला असे. तेव्हा थंडावा दुसऱ्याच्या घामावर उभा होता. आज वातानुकूल यंत्राची गरम हवा ज्या गल्लीत सोडली जाते त्या गल्लीत भाजी विकणारी बाई बसलेली असते. फार काही बदलले असे मला वाटत नाही.

मग करायचे काय? जर्मनीत डार्मस्टाट गावी १९९१ मध्ये चार कुटुंबांसाठी एक ओळीची इमारत उभी राहिली. वोल्फगांग फाइस्ट या शास्त्रज्ञाने तिची कल्पना मांडली होती. भिंतींना आणि छताला उष्णतारोधकाचे जाड थर, तीन काचांच्या खिडक्या, फटी नसलेले बांधकाम. बाहेर बर्फ असताना आत शेगडीची गरज नावापुरती उरते. अशा घराच्या तापवणीसाठी चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये, हा त्यांचा नेम, आणि तो पाळणारी घरे बांधावीत म्हणून गावोगावी लोकांचे गट काम करतात. त्यांचा प्रश्न ऊब आत धरण्याचा, आपला ऊन बाहेर ठेवण्याचा, नियम एकच. तरी त्यांचे घर उचलून कुहीत ठेवता येणार नाही. फटी बुजवलेल्या घरात चूल पेटली तर धुराने माणसे गुदमरतील. आपल्याला दिवसा बंद आणि रात्री उघडे असे घर हवे. सकाळी दहाला खिडक्या लावाव्या, सूर्य बुडाल्यावर उघडाव्या. वाचायला सोपे आहे. पण रात्री खिडकी उघडी कोण ठेवील? डास आहेत, साप-विंचू आहेत, चोर आहे, आणि घरात तरुण मुलगी असेल तर आणखी एक भय आहे. म्हणून खिडकीला चांगली गजांची जाळी आणि भिंतीच्या वरच्या बाजूला, हात पोचणार नाही अशा उंचीवर समोरासमोर झरोके, ही माझ्या मते स्त्रीच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे. नकाशा काढणारे तिला सजावट समजतात.

आम्ही पाच-सहा जणांनी कुहीत जे सुरू केले त्याला संस्था म्हणता येणार नाही. दोन शिक्षक, एक मिस्त्री, एक सेंट्रिंगवाला, एक अंगणवाडीताई आणि आयटीआयमधून निघालेला एक मुलगा. पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली, ती सांगते. कुठेसे वाचून आम्ही एका घराच्या छतावर उपडी मडकी मांडून वर चुना-विटांचा थर दिला. गुजरात-राजस्थानकडे हे करतात. मडक्यातली हवा उष्णता अडवते. उन्हाळा बरा गेला. पण उताराकडे आम्ही लक्ष दिले नव्हते. पावसात पाणी साचले, थर भेगाळला आणि स्लॅब गळू लागला. ज्या बाईच्या डोक्यावर आयुष्यात पहिल्यांदा न गळणारे छप्पर आले होते ते आम्ही गळके करून दिले. तिने आम्हाला शिव्या दिल्या त्या योग्य होत्या. आम्ही पदरचे पैसे घालून तो थर काढला आणि छत दुरुस्त केले. तेव्हापासून छतावर काहीही करण्याआधी मिस्त्री बादलीभर पाणी ओतून उतार पाहतो.

आता सुरुवात चुन्यापासून करतो. होळीनंतर छत झाडून, धुऊन, विरवलेल्या चुन्यात डिंक किंवा सरस घालून दोन हात द्यायचे. पांढरे छत पडलेल्या उन्हातले तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकते. सोळा-सतरा इस्त्र्यांच्या जागी सहा-सात उरतात. अशा छतांनी घरातले तापमान २ ते ५ अंशांनी उतरते, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था सांगतात. खर्च मजुरीच्या एक-दोन दिवसांइतका. पावसाने चुना धुऊन जातो, वर्षाला पुन्हा द्यावा लागतो. पण घरे सारवण्याची सवय आपल्या बायांना आहे, हे तर वर्षातून एकदाच. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवले तर दरवर्षीचा त्रास वाचतो. टिनाच्या घरांना बुरडाचा तट्टा टिनाखाली वीतभर अंतर सोडून लावतो. तापलेले टिन थेट अंगाला दिसत नाही, एवढ्यानेही दुपार सुसह्य होते. पश्चिमेला जागा असेल तिथे दोडक्याचा किंवा वालाचा मांडव. भिंतीवर ऊन पोचण्याआधी अडवलेले चांगले; एकदा विटेत शिरले की ते रात्रीपर्यंत निघत नाही.

झाडांची गोष्ट वेगळी. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि पुढे आमच्या तालुक्यातली गावे त्याच्या पाण्याखाली गेली. लोकांना नवी गावठाणे मिळाली, प्लॉट आखून मिळाले. जुन्या गावातल्या कडुलिंबाचा आणि चिंचेचा मोबदला लाकडाच्या भावाने होतो. त्यांच्या सावलीने किती घरांची छते झाकली होती, हा रकाना कोणत्याच अर्जात मी पाहिलेला नाही. नवे घर उघड्या माळावर, आणि झाडाला मोठे व्हायला वीस वर्षे.

हे झाले असलेल्या घरांचे. नवे घर बांधताना अधिक करता येते. लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर जे करून दाखवले त्यातल्या दोन गोष्टी आमच्या मिस्त्रीला पटल्या. एक, विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या रचायच्या. भिंत नऊ इंचच राहते पण आत पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. दुसरी, स्लॅबच्या खालच्या भागात सळयांच्या मध्ये कवेलू ठेवून काँक्रीट ओतायचे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते. तिथले काँक्रीट नुसते वजन असते. दोन कवेलू एकमेकांवर ठेवले की मध्ये हवाही कोंडते. काँक्रीट वाचते, छत हलके होते. मात्र सळईभोवती काँक्रीटचे आवरण नीट राहिले पाहिजे, आणि हे काम अंदाजाने करायचे नाही; अभियंत्याकडून सळयांचे अंतर काढून घेतल्याशिवाय आम्ही हात लावत नाही.

मग शासन काय करते, हा प्रश्न येतोच. केंद्राने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' नावाची नियमावली काढली. घराच्या बाह्यांगातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत आहे. छतासाठी तिचा आकडा असा: आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आमच्या उघड्या स्लॅबसाठी मी हाच हिशेब मांडला तर आकडा साडेतीनच्या आसपास येतो, जवळजवळ तिप्पट. चुन्याने हा आकडा बदलत नाही; चुना ऊन परतवतो, अडवत नाही. स्लॅबवर इंचभर जाडीचा फोमचा उष्णतारोधक थर आणि त्यावर कोबा दिला तर मात्र आकडा एकच्या जवळ येतो. एक इंचाचा प्रश्न आहे. पण ही संहिता लागू कुणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींना. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घर २५ चौरस मीटरचे. रमाई आवासचे २६९ चौरस फूट, म्हणजे तेवढेच. ज्याच्याकडे वातानुकूल यंत्र असण्याची शक्यता आहे त्याच्या छताला नियमाचे संरक्षण, आणि ज्याच्याकडे पंखाही धड नाही त्याचे छत नियमाच्या बाहेर. कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. लहान घराला नियमांचा जाच नको, असेच म्हटले असेल. पण शासन ज्या घराला पैसा देते, ज्याच्या पायाचा, लेंटरचा, छताचा फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता सोडत नाही, त्या घराच्या नमुन्यात एक इंच उष्णतारोधक घालणे त्याला जड का जावे? २०१६ मध्ये मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, तेव्हा त्या रकमेत भिंती आणि छत धरले होते. ऊन धरलेले नव्हते. वेगवेगळ्या प्रदेशांच्या घरनमुन्यांचे 'पहल' नावाचे संकलन केंद्रानेच काढले आहे. ते मी आमच्या भागातल्या लाभार्थ्याच्या हातात अजून पाहिलेले नाही.

वीज स्वस्त करा, म्हणजे सगळेच कूलर-पंखे लावतील, असे आपल्यातले काही मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी विजेचे धोरण हाताळले. स्वस्त आणि मुबलक वीज हा औद्योगिकीकरणाचा आणि म्हणून दारिद्र्यमुक्तीचा पाया आहे, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा वीज कमी वापरा, असा उपदेश मी वस्तीत करत नाही. ज्यांनी कधी पुरेशी वापरलीच नाही त्यांना बचतीचे धडे कशाला? पण आमच्या शेजारी मौद्याला २,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, कोराडी-खापरखेडाही याच जिल्ह्यात. कोळशाची राख आमच्या हवेत आणि वीज तारेवरून पुढे. मे महिन्याच्या रात्री भारनियमन झाले, रोहित्र जळाले, की स्लॅबखालची बाई पुन्हा तिथेच. वीज गेल्यावरही ज्या घरात झोप येईल ते घर मला हवे आहे. त्याने विजेची मागणी मागे पडत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतल्या एका मावशीचा स्लॅब पडायचा होता. जुने घर पाडल्यावर निघालेले कवेलू अंगणात रचून ठेवलेले. मिस्त्रीने आणि मी तिला कवेलू घालून स्लॅब कसा होतो ते समजावले, अभियंत्याने काढून दिलेली आकृती दाखवली, काँक्रीटचा खर्च किती वाचतो ते सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "खालून थे कवेलू दिसनार का?"

"दिसतील. केरळात तसेच ठेवतात, छान दिसतात," मी म्हणाले.

"मंग नको, मॅडम. माह्या घरात पाव्हना आला, वर पायलं, त म्हनन स्लॅब टाकला का कवेलू घातले?"

मिस्त्री म्हणाला, खालून प्लास्टर करून टाकू, काही दिसणार नाही. तिने पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मग पदर खोचला आणि कवेलू धुवायला बसली. जे फुटके नव्हते ते एकेक ठोकून, आवाज ऐकून बाजूला काढत होती.